सोलापुरात हयातीचा दाखला: कोणती सेवा बरी, आणि काउंटरवर आधी काय विचारावं

पेन्शन चालू ठेवायची तर वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. १० नोव्हेंबर २०१४ ला ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल सोय सुरू झाली. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यात चेहरा दाखवून दाखला देण्याची पद्धत आली. तेव्हापासून कागदाचा फॉर्म, गॅझेटेड अधिकाऱ्याची सही आणि साक्षांकनासाठीचे हेलपाटे बऱ्याच जणांचे संपले. सेवा म्हणून ही चांगली आहे, यात शंका नाही. पण सोलापुरात ती वापरताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: दाखला पहिल्या फेरीत निघणार की तीन हेलपाट्यांनी, हे यंत्रापेक्षा काउंटरवरचा माणूस समोरच्या म्हाताऱ्या माणसाशी आधी दोन मिनिटं बोलतो की नाही, यावर जास्त ठरतं. म्हणून या परीक्षणात ॲप आणि मशीन जितकं आहे, तितकंच ते बोलणंही आहे.

आपल्याकडचे पेन्शनर कोण आहेत ते आधी पाहू. नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू यांसारख्या गिरण्यांतून बाहेर पडलेले कामगार, यंत्रमाग कारखान्यांतले, एसटीतले, आणि फार मोठ्या संख्येनं विडी कामगार बायका. विडी उद्योगाला भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९७७ मध्ये लागू झाला, आणि घरी बसून विड्या वळणारी बाईसुद्धा त्या कायद्यानं कामगारच आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्ये मान्य केलं. त्यामुळे साखर पेठ, अशोक चौक, नीलम नगर, विडी घरकुल, कुंभारीचं गोदूताई परुळेकर घरकुल, रे नगर अशा सगळ्या भागांत ईपीएस-९५ ची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीखालच्या १९९५ च्या योजनेची, पेन्शन घेणाऱ्या आज्ज्या भेटतात. किमान पेन्शन महिन्याला १,००० रुपये. २०१४ पासून तेवढीच. रक्कम लहान वाटते, पण गोळ्या-औषधं आणि लाइटबिल त्यातच बसवलेलं असतं. दाखल्यावाचून ती थांबली तर त्या घराला ते लगेच जाणवतं.

दाखला देण्याच्या वाटा मुख्यतः तीन. बँकेच्या शाखेत किंवा सेवा केंद्रात बोटाचा ठसा, मोबाइलवर चेहरा, आणि टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेकडून घरपोच. बँकेच्या काउंटरबद्दल थोडक्यात सांगायचं तर नोव्हेंबरात तिथं जाऊ नका, एवढंच. केंद्र सरकारच्या पेन्शनरांना नोव्हेंबरातच दाखला द्यावा लागतो (८० वर्षांवरच्यांना १ ऑक्टोबरपासून मुभा आहे), आणि राज्य सरकारच्या पेन्शनरांच्या सह्याही बँकेत त्याच महिन्यात होतात. ईपीएस-९५ वाल्यांना मात्र नोव्हेंबरचं बंधनच नाही. त्यांचा दाखला ज्या दिवशी दिला त्या दिवसापासून १२ महिने चालतो. तरीही सवयीनं सगळे दिवाळीनंतर एकाच रांगेत उभे राहतात. ईपीएसच्या पेन्शनरांनी जानेवारी-फेब्रुवारी धरावा: गर्दी नाही, ऊन नाही, आणि काउंटरवरच्या माणसाला दोन शब्द बोलायला सवड असते. महिना बदलताना आधीच्या दाखल्याची मुदत संपू देऊ नका. म्हणजे एकदा थोडं लवकर द्यायचं, पुढच्या वर्षी तोच महिना येतो.

आता ते दोन मिनिटांचं बोलणं. आधार नंबर टाकण्याआधी ते व्हायला हवं, कारण ठसा तीनदा नाकारला गेला की म्हातारं माणूस घाबरतं, हात थरथरायला लागतो, आणि मग नीट उमटणारं बोटही उमटत नाही. खुर्ची द्यावी, पाणी विचारावं, आणि सरळ विचारावं:

“आज्जी, विड्या किती वर्षं केल्या?”

“कुठं मोजलंय ओ? लगीन व्हायच्या आधीपासनं.”

“कोणत्या हातानं वळत होता?”

“ह्याच की.” (उजवा हात पुढं येतो.)

“मग आज डावा हात द्या. करंगळीशेजारचं बोट.”

एवढ्या बोलण्यात तीन गोष्टी कळतात. पेन्शन तिच्या स्वतःच्या कामाची आहे, नवऱ्याच्या मागची नाही. कोणती बोटं झिजली असतील. आणि तिला ऐकू कितपत येतं. वरून तिला हेही कळतं की ठसा उमटला नाही तर त्यात तिचा काही दोष नाही. पान कापायचं, तंबाखू भरायचा, अंगठा आणि पहिल्या बोटात धरून वळायचं, नखानं टोक दाबायचं, दोरा बांधायचा, आणि हे रोज शेकड्यांनी. अंगठा आणि तर्जनीवरच्या रेषा यात गुळगुळीत होतात. बहुतेक ठिकाणी मशीनवर पहिल्यांदा अंगठाच ठेवायला सांगतात, म्हणजे नेमकं सगळ्यांत झिजलेलं बोट. मागावर सूत सांधणाऱ्यांचंही तसंच. त्यांची टोकं गेलेली असतात, पण बोटाचा मधला फुगीर भाग पुष्कळदा शाबूत असतो. म्हणून बोट टेकवताना टोक नको, पहिल्या पेराचा पूर्ण सपाट भाग काचेवर यायला हवा.

ठसा घेण्याची रीत अशी असावी. हात साबणानं धुऊन पुसायचे. तंबाखू, हळद, मेंदी काही राहू नये. काच मऊ कोरड्या फडक्यानं पुसायची, दर माणसामागं. वय झालेल्यांची त्वचा कोरडी असते. अशा वेळी ओल्या फडक्यावर बोट टेकवून लगेच पुसायचं, म्हणजे किंचित ओल राहते आणि रेषा उठून दिसतात. तेल किंवा व्हॅसलीन लावून बोट थेट काचेवर ठेवू नये. काचेवर थर बसतो आणि पुढच्या दहा जणांचे ठसे बिघडतात. मशीनवर थेट ऊन पडू देऊ नये, कारण काचेतून आत जाणाऱ्या उजेडानं चित्र धुतल्यासारखं होतं. दाब मध्यम: फार दाबलं की रेषा एकमेकींना चिकटतात, हलकं ठेवलं की अर्धाच ठसा येतो. थरथरत्या हाताला मनगटाखाली आधार द्यावा, बोटावर वरून जोर देऊ नये. दहाही बोटांचा प्रयत्न करायची गरज नसते. दोन्ही हातांची अनामिका आणि मधलं बोट आधी, मग बाकीची. चार बोटं गेली की ठशाचा नाद सोडून चेहऱ्याकडं वळावं, किंवा केंद्रात डोळ्याच्या बुबुळाचं यंत्र असेल तर ते घ्यावं.

पडद्यावर येणारे आकडेही ओळखायला हवेत. ३०० आला तर ठसा जुळला नाही. ३३० आला तर आधारची बायोमेट्रिक कुलूपबंद आहे, आणि तिथं बोट कितीही वेळा ठेवलं तरी काही होणार नाही. बऱ्याचदा हे कुलूप नातवानं फसवणुकीच्या भीतीनं लावलेलं असतं आणि आज्जीला त्याचा पत्ताही नसतो. “घरात कुणी आधार लॉक केलंय का, मोबाइलमधून?” हा एक प्रश्न अर्धा तास वाचवतो. कुलूप उघडायला आधारशी जोडलेल्या नंबरवर ओटीपी येतो, आणि इथंच सोलापुरातली दुसरी मोठी अडचण सुरू होते.

नंबर आज्जीचा, पण फोन कुणाकडं? “हा नंबर कुणाकडं असतो?” असं विचारलं की पुष्कळदा उत्तर येतं, “पोराकडं, तो पुण्याला असतोय.” ओटीपी हडपसरला किंवा चिंचवडला पोचतो, पोरगा कामावर असतो, काही मिनिटांत मुदत संपते. म्हणून आधी पोराला फोन लावून ‘आता येईल, लगेच सांग’ असं कळवायचं, आणि मगच बटण दाबायचं. हे क्षुल्लक वाटेल, पण रांगेत खोळंबलेल्या लोकांत याच कारणानं थांबलेले पुष्कळ असतात.

मोबाइलवरची चेहऱ्याची पद्धत आमच्या मते सगळ्यांत चांगली आहे. पाचपैकी साडेचार. ठशाचा प्रश्नच मिटतो आणि पैसेही लागत नाहीत. पाच मेगापिक्सेलचा कॅमेरा असलेला अँड्रॉइड फोन आणि बरं इंटरनेट लागतं. आधी ‘आधारफेसआरडी’ हे ॲप घ्यायचं. ते घेतल्यावर पडद्यावर त्याचं चिन्ह दिसत नाही, आणि लोकांना वाटतं ॲप आलंच नाही. पण ते पडद्यामागं काम करतं, पुन्हा पुन्हा टाकू नका. मग ‘जीवन प्रमाण फेस ॲप’. पहिल्या वेळी ‘ऑपरेटर’ची नोंद होते. हा ऑपरेटर मुलगा, सून, नात, शेजारी, कुणीही चालतो. त्याचा आधार, मोबाइल, ईमेल, ओटीपी आणि चेहरा. त्यानंतर त्याच फोनवर कितीही पेन्शनरांचे दाखले काढता येतात, त्यामुळे गल्लीत एका पोरीनं फोन तयार ठेवला तर सगळ्या वाड्याचं काम होतं. मग पेन्शनरची माहिती: आधार, नाव, पेन्शनचा प्रकार, मंजूर करणारं कार्यालय, वाटप करणारी संस्था, पीपीओ (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा) नंबर, खाते नंबर. शेवटी चेहरा.

चेहरा घेताना ॲप पापण्यांची उघडझाप बघतं. फोटो दाखवून कुणी फसवू नये म्हणून ते आहे, आणि म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत अडतंही तिथंच. चष्मा काढला की समोरचं काही दिसत नाही, म्हणून ते डोळे बारीक करतात. चेहरा वर्तुळात आला की उघडझाप करायची असते, पण ही सूचना पडद्यावर लिहिलेली असते, आणि ती वाचायला चष्मा लागतो. तेव्हा सूचना तोंडानं द्या, एकेक. तेलुगू बोलणाऱ्या आज्जीला ‘कंड्लु मूयंडी, तेरवंडी’ असं म्हटलं तर ती लगेच करते. तेच मराठीत जोरजोरात ओरडून सांगितलं तर ती बावरते. तेलुगू बोलणाऱ्यांच्या पूर्वभागात बसणाऱ्या प्रत्येक केंद्रचालकानं एवढे शब्द पाठ करावेतच.

आणखी एक विचारायचं: “मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी झालं?” नुकतंच झालेलं असेल, काळा चष्मा असेल, डोळ्यातून पाणी येत असेल, तर त्या दिवशी जबरदस्ती करू नका. मुदत असेल तर डॉक्टर चष्मा काढायला सांगतील तेव्हा करा.

उजेडाबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण आपल्याकडच्या घरांची रचनाच वेगळी आहे. घरकुलातली खोली लहान, खिडकी एक, दिवसाही आत अंधार. आत बसवून फोटो घेतला की चेहरा काळा येतो. दारात दाराकडं पाठ करून बसवलं की मागचा उजेड कॅमेऱ्यावर येतो. बरोबर जागा म्हणजे उंबऱ्याच्या आत दोन हात, तोंड दाराकडं, मागं साधी भिंत. भिंतीवर देवांचे किंवा कुटुंबाचे फोटो असतील तर एक चादर लावा, नाहीतर कॅमेरा भलताच चेहरा पकडायला बघतो. डोक्यावरचा पदर कपाळाच्या मागं, टोपी-फेटा काढलेला. एप्रिल-मे महिन्यात हे काम सकाळी नऊच्या आत उरका; दुपारी पत्र्याखाली फोनही तापून बंद पडतो आणि माणसाचाही जीव घाबरा होतो. सगळं नीट करूनही चेहरा जुळत नसेल तर आधारवरचा फोटो बघा. दात गेले, वजन निम्मं झालं, आणि फोटो पंधरा वर्षांपूर्वीचा असेल तर आधी आधार केंद्रात फोटो आणि ठसे नवे करून घेणं हाच उपाय.

घरपोच सेवेचं तर मनापासून कौतुक करावं असं काम आहे. अंथरुणावरच्या माणसासाठी ही एकच खरी सोय. पोस्टमन किंवा ग्रामीण डाक सेवक मोबाइल आणि ठशाचं मशीन घेऊन घरी येतो. मागणी ‘पोस्टइन्फो’ ॲपवर नोंदवता येते, टपाल बँकेच्या ग्राहक सेवा क्रमांकावर फोन करता येतो, किंवा सरळ आपल्या भागातल्या पोस्टमनला सांगायचं. खाते कोणत्याही बँकेत असलं तरी चालतं. शुल्क ७० रुपये, करासह. ईपीएस-९५ च्या पेन्शनरांसाठी भविष्य निर्वाह निधी संघटनेनं नोव्हेंबर २०२५ मध्ये टपाल बँकेशी करार केला, त्यात हा खर्च संघटना उचलते. म्हणून पैसे काढण्याआधी ‘पेन्शन पीएफची आहे’ हे सांगा. पोस्टमनचा मोठा फायदा म्हणजे तो घर ओळखतो. आजोबा सकाळी नीट ऐकतात की संध्याकाळी, हे त्याला माहीत असतं. सरकारी सेवेत हे फार मोलाचं आहे. उणीव एवढीच की घरपोच मशीन बहुधा ठशाचंच पुढं येतं. बोटं झिजलेली असतील तर ‘चेहऱ्यावर घ्या’ असं आधीच सांगून ठेवावं.

माहिती भरताना चुका होतात त्या नेहमीच्याच. पीपीओ नंबर जुन्या पिवळ्या पडलेल्या पुस्तकावरून बघून टाकतात आणि एक शून्य सुटतं. स्वतःच्या पेन्शनऐवजी कौटुंबिक पेन्शन निवडली जाते. पीपीओवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. तेलुगू घरांत आडनाव आधी लिहितात, तर आधारवर ते शेवटी गेलेलं असतं. दोन पेन्शनी असतील, एक स्वतःची आणि एक नवऱ्यामागची, तर दोन्हींच्या पीपीओवर दाखले वेगळे द्यावे लागतात. एकावर भागलं असं समजून दुसरी बंद पडलेली बरीच उदाहरणं असतात. निवृत्तीनंतर पुन्हा नोकरी किंवा पुनर्विवाह झालेला असेल तर डिजिटल दाखला चालत नाही, कागदावरच द्यावा लागतो.

मोबाइलवर ‘प्रमाण आयडी’ आला म्हणजे काम झालं, असं बहुतेक केंद्रांवर सांगून माणसाला उठवतात. ते पुरेसं नाही. आयडी म्हणजे दाखला तयार झाला. पेन्शन देणाऱ्या संस्थेनं तो स्वीकारला की नाही हे वेगळं. पीपीओ किंवा खाते नंबर चुकला असेल तर आयडी येऊनही दाखला नाकारला जातो, आणि ते कळतं थेट पेन्शन थांबल्यावर. म्हणून काही दिवसांनी ईपीएफओच्या (भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या) पेन्शनर पोर्टलवर जीवन प्रमाणची चौकशी करायची, पीपीओ नंबर टाकून. थांबलेली पेन्शन दाखला दिल्यावर मागच्या थकबाकीसह मिळते, हेही सांगायला हवं, कारण कित्येक जण ‘गेले ते पैसे’ असं धरून बसतात.

एका प्रसंगी मात्र मशीन बाजूलाच ठेवायचं असतं. बाई एकटी येते, पिशवीत नवऱ्याचं पीपीओ पुस्तक, त्याचं आधार. “ह्यांचा दाखला द्यायचाय.” घाईचं काउंटर म्हणतं, “त्यांना घेऊन या.” चांगलं काउंटर विचारतं, “काका घरी आहेत का, बरं नाही का त्यांना?” आणि मग ती सांगते, “गेले की ओ, श्रावणात.” तिला फसवायचं नसतं. घरात पैसे येत होते ते थांबू नयेत, एवढंच तिला माहीत असतं, आणि त्याच पुस्तकावर आपलाही हक्क आहे हे कुणी सांगितलेलं नसतं.

तेव्हा सावकाश सांगावं. काकांच्या नावचा दाखला आता देता येत नाही. बँकेला मृत्यू कळवायचा. त्यानंतर जमा झालेले पैसे परत वळते होतात, म्हणून ते काढू नयेत. आणि पत्नीला स्वतंत्र विधवा पेन्शन आहे: नवऱ्याच्या पेन्शनच्या निम्मी, पण १,००० पेक्षा कमी नाही. काकांना २,६०० मिळत असतील तर तिला १,३००. १,४०० मिळत असतील तर निम्मे ७०० नव्हे, १,०००. त्यासाठी मृत्यूचा दाखला, पीपीओ, तिचं आधार, तिच्या एकटीच्या नावाचं बँक खातं आणि पेन्शन मागण्याचा १०-डी अर्ज, हे सगळं भविष्य निर्वाह निधी कार्यालयात द्यायचं. मृत्यूच्या दाखल्यावरचं, आधारवरचं आणि पीपीओवरचं नाव तिन्ही ठिकाणी एकसारखं आहे ना, हे तिथल्या तिथं बोट ठेवून तपासावं. फरक असेल तर आधी तो दुरुस्त करायचा. हे सगळं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्यावं, शक्य तर घरातल्या कुणाला फोनवर समजावून. यात दहा मिनिटं जातात, रांगेतले लोक चुळबुळ करतात, आणि केंद्राला यातून एक रुपया सुटत नाही. तरीही या शहरात कोणतं केंद्र चांगलं, हे ठरवायला आम्ही हेच बघू.

फोनवर कुणी ‘तुमचा हयातीचा दाखला राहिलाय, ओटीपी सांगा’ असं म्हणालं तर फोन ठेवायचा. खरी सेवा माणूस समोर असल्याशिवाय होतच नाही: बोट, डोळे किंवा चेहरा, काहीतरी तिथं लागतंच. खासगी केंद्रात जाणार असाल तर बसण्याआधी किती पैसे घेणार ते विचारा आणि पावती मागा. निघताना प्रमाण आयडी, दाखल्याची तारीख आणि पुढच्या वर्षीचा महिना, या तीन गोष्टी पीपीओ पुस्तकाच्या आतल्या पानावर पेनानं लिहून घ्या. मोबाइलवरचा मेसेज पोराच्या फोनसोबत पुण्याला जातो, पुस्तक घरात राहतं.